आडवाटेचे वाहन आणि विजेची वाट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 ते 1945 या वर्षांत, अमेरिकी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. या गाडीच्या हेडलाइटची रचना मोठी मौजेची होती. दिवा बिजागरीवर बसविलेला असे. हाताने फिरविता येणारा एक नट सैल केला, की तो मागे उलटविता येई आणि त्याचा झोत सरळ इंजिनावर पडे. रात्री रानात गाडी अडली, तर दुरुस्ती करणाऱ्या शिपायाला निराळा कंदील शोधावा लागू नये, हा त्यामागील हेतू. एकाच दिव्याकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती विजेच्या दृष्टीनेही निर्दोष होती. तीत तारेची कापाकापी नव्हती, नवा खटका नव्हता आणि बॅटरीवर वाढीव बोजाही नव्हता.

पुढे जीप आणि तिच्या जातीची वाहने सैन्यातून नागरी जीवनात आली, आणि रचनाकाराच्या ध्यानीमनी नसलेली साधने त्यांवर चढू लागली. भारतात 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. तेव्हापासून वनखात्याचा अधिकारी, पोलीस ठाणे, धरणाच्या जागेवरील अभियंता, भूमापनाचे पथक आणि ग्रामीण आरोग्यकेंद्र यांचे या वाहनाशी नाते जडले. सैन्यासाठी जबलपूर येथे निस्सान कंपनीच्या आराखड्यावरून जोंगा तयार झाली. 1985 साली मारुती जिप्सी आली. आता तर केवळ हौसेखातर लडाख, स्पिती किंवा कच्छच्या रणाकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या वाहनांवर जादा दिवे, चाकांत हवा भरण्याचा पंप, बिनतारी संच, छोटा शीतकपाट आणि चिखलातून गाडी ओढून काढणारी विंच अशी नाना साधने दिसतात.

ही साधने निवडताना मालक पुष्कळ चौकशी करतो. दिव्याचा झोत किती लांब पडतो, काच कोणत्या घडणीची आहे, विंच किती वजन ओढते, हे सर्व तो विचारून घेतो. बॅटरीपासून त्या साधनापर्यंत जी तार जाणार, तिच्याविषयी मात्र तो अवाक्षर काढीत नाही. ती कोठून न्यावी आणि कोणत्या जाडीची घ्यावी, हे कारागिराच्या मर्जीवर सोडलेले असते. कारागीर तरी काय करणार? त्याच्या हाताशी लाल तारेचे एक वेटोळे असते. तेच तो सर्वांना वापरतो. परिणाम लगेच दिसत नाही. दिवा लागतो, मालक संतोष पावतो, आणि मग एखाद्या रात्री, वस्तीपासून दूर, बॉनेटखालून जळक्या रबराचा वास येऊ लागतो.

आजच्या व्याख्यानाचा रोख त्या तारेवरच आहे. साधन चांगले की वाईट, हा प्रश्न येथे गौण मानला आहे. विजेला जाण्याची आणि परत येण्याची वाट नीट मिळाली, तर साधे साधनही उत्तम चालते. वाट अडचणीची असेल, तर महागडे साधन मंद चालते आणि वाहनाला धोका मात्र पुरेपूर देते.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कालव्याच्या तोंडाशी पाणी भरपूर असते, पण शेपटाकडील शेतात पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. चर जितका अरुंद आणि लांब, तितका हा तोटा अधिक. तारेतही असेच घडते. जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 साली मांडलेला नियम हाच हिशेब अंकांत सांगतो: तारेत किती व्होल्ट खर्ची पडतील, ते प्रवाह आणि तारेचा रोध यांच्या गुणाकाराने मिळते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.0175 ओहम असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. घरातील 230 व्होल्टच्या जोडणीत तो खरोखरच क्षुल्लक आहे. बारा व्होल्टच्या गाडीत मात्र तो क्षुल्लक राहत नाही.

शंभर वॉटचे दोन दिवे पुढच्या बंपरवर बसविले आहेत, असे समजा. दोघांना मिळून बारा व्होल्टवर सुमारे 16 ते 17 अँपिअर प्रवाह लागतो. घरातील तेवढ्याच वॉटच्या दिव्यांना एक अँपिअरही लागत नाही. आता कारागिराने एक चौरस मिलिमीटर छेदाची तार बॅटरीपासून डॅशबोर्डवरील खटक्यापर्यंत नेली आणि तेथून पुन्हा पुढे दिव्यांकडे आणली. सारी लांबी सहा मीटर भरली. या तारेचा रोध 0.105 ओहम होतो, आणि दिवे लागताच तिच्यात दीड व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. दिव्यांच्या वाट्याला साडेदहा व्होल्टही येत नाहीत. तप्त तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही. तो त्याहून फार वेगाने, दाबाच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने घटतो. म्हणून दाब आठवा हिस्सा कमी झाला, की प्रकाश सुमारे 60 टक्केच उरतो. मालकाने दोनशे वॉटच्या दिव्यांचे पैसे मोजलेले असतात, आणि रस्त्यावर पिवळट उजेड पडलेला असतो. बहुधा तो दिव्याच्या कंपनीला दोष देतो आणि आणखी मोठा दिवा आणतो. त्यामुळे प्रवाह वाढतो आणि तारेतील तोटाही वाढतो.

हरवलेला दाब कोठे जातो? त्याची उष्णता होते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली दाखवून दिले, की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. वरील उदाहरणातील तारेत सुमारे 25 वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील कहई साधारण तेवढ्याच वॉटची असते. ही उष्णता सहा मीटरभर विखुरलेली असते, म्हणून तार केवळ कोमट किंवा गरम लागते. पण वाटेत एखादा सांधा सैल असला, दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली असली, तर त्या एका जागी रोध एकवटतो आणि उष्णताही तेथेच एकवटते. कहईचे टोक कापडात गुंडाळून ठेवल्यासारखा हा प्रकार असतो. बॉनेटखाली तेल आणि इंधन असते. रबराच्या नळ्याही असतात.

जुन्या पद्धतीत तारेवर 14/0.30, 28/0.30, 44/0.30 असे अंक छापलेले असत, आणि काही ठिकाणी ही भाषा अजून ऐकू येते. 28/0.30 म्हणजे 0.30 मिलिमीटर जाडीच्या 28 बारीक तारांचा पेड; त्याचा एकूण छेद जवळजवळ दोन चौरस मिलिमीटर होतो. चौदा तारांच्या पेडाने पावणेनऊ अँपिअर, 28 तारांच्या पेडाने साडेसतरा आणि 44 तारांच्या पेडाने साडेपंचवीस अँपिअर वाहावेत, असा ढोबळ संकेत आहे. वरील दोन दिव्यांना चौदा तारांचा पेड वापरणे म्हणजे एका बैलाच्या मानेवर दोन बैलांचे जू देणे होय. येथे 44 तारांचाच पेड हवा.

पण केवळ जाड तार घेऊन भागत नाही. जाड तार खटक्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची, तर लांबी तशीच राहते. शिवाय डॅशबोर्डवरील लहानसा खटका एवढा प्रवाह सोसत नाही. त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी खरवडून जातात. यावरचा तोडगा मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने 1835च्या सुमारास रिले नावाची युक्ती योजिली, आणि लांब पल्ल्याच्या तारायंत्राला तिचा मोठा उपयोग झाला. शेकडो मैल चालून दमलेल्या क्षीण प्रवाहाने स्वतः काम करायचे नाही; त्याने एक लहान विद्युत्चुंबक हलवायचा, आणि त्या चुंबकाने तेथल्या तेथे असलेल्या जोमदार बॅटरीचा मार्ग खुला करायचा. भारतातील तारसेवा 2013 साली बंद झाली. तारायंत्रामागचे हे तत्त्व मात्र देशातील प्रत्येक मोटारीच्या बॉनेटखाली आजही टकटक करीत आहे.

बाजारात मिळणारा मोटारीचा रिले सुमारे काड्यापेटीएवढा असतो. त्याच्या पायांवर 30, 87, 85 आणि 86 असे अंक असतात. हे अंक जर्मन मानकातून आले आणि जगभर रूढ झाले. 30 या पायाला बॅटरीकडून येणारी जाड तार जोडायची आणि 87 या पायापासून ती दिव्याकडे न्यायची. 85 आणि 86 या पायांमध्ये चुंबकाचे वेटोळे असते. या वेटोळ्याला एक पंचमांश अँपिअरही लागत नाही. त्यामुळे डॅशबोर्डवरील खटक्याकडे जाणारी तार बारीक चालते आणि खटकाही साधा पुरतो. रिले बॅटरीजवळ बसविला, म्हणजे जाड तारेची लांबी सहा मीटरवरून दोन मीटरवर येते. 44 तारांचा पेड आणि दोन मीटर लांबी धरली, तर तोटा एक पंचमांश व्होल्टच्या आसपास राहतो. दिवे तेच, बॅटरी तीच. रस्ता मात्र उजळून निघतो.

रिलेच्या वेटोळ्याला चेतावणी कोठून द्यावी, याकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. पुष्कळ कारागीर ती सरळ बॅटरीवरून देतात. मग जादा दिवे हेडलाइटशी काही संबंध न ठेवता जळत राहतात. समोरून वाहन आले, तर चालकाने डिपर दाबूनही डोळे दिपविणारा झोत चालूच राहतो. ही चेतावणी हेडलाइटच्या लांब झोताच्या तारेवरून, मध्ये वेगळा खटका ठेवून, घेणे योग्य. म्हणजे लांब झोत खाली उतरताच जादा दिवे आपोआप विझतात. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला क्षणभर काहीच दिसेनासे झाले, तर त्याची किंमत दोन्ही वाहनांना मोजावी लागते. कायद्यानेही हा विषय मोकळा सोडलेला नाही. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढील बाजूस शोधदिवा लावण्यास, अपवादात्मक परिस्थितीत पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज, मनाई केली आहे, आणि 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनात केलेल्या बदलांना मर्यादा घालते. हौशी मंडळी या तरतुदी वाचण्याचे कष्ट सहसा घेत नाहीत.

आता फ्यूजविषयी. फ्यूज दिव्याचे रक्षण करतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे. दिवा बिघडायचा तो बिघडतोच. फ्यूज रक्षण करतो ते तारेचे, आणि तारेच्या द्वारा वाहनाचे. तार कोठे घासली, तिचे आवरण फाटले आणि तांबे बॉडीला टेकले, तर विजेला दिव्यातून जाण्याची गरजच उरत नाही. साधारण साठ अँपिअर-तासांची बॅटरी अशा वेळी कित्येकशे अँपिअर ओतू शकते, आणि साडेपंचवीस अँपिअरची तार काही क्षणांत लालभडक होते. म्हणूनच फ्यूजची जागा बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर असली पाहिजे. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज दिसायला नीटनेटका दिसतो, पण बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची सगळी तार उघडी पडते. फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कमी आणि साधनाच्या गरजेपेक्षा थोडा अधिक असावा. वरील दिव्यांना 20 अँपिअरचा फ्यूज शोभेल. फ्यूज वारंवार जाऊ लागला, की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून बसविणारे चालक एके काळी सर्वत्र आढळत. फ्यूज जातो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. चंदेरी कागदाने त्याचे तोंड बंद होते, तारेतील दोष तसाच राहतो.

विंचचा प्रकार निराळा आहे. पूर्ण ओढीच्या वेळी तिची मोटार चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. इतक्या प्रवाहाला साधा फ्यूज आणि साधा रिले उपयोगी पडत नाहीत. तिच्या तारा बोटाएवढ्या जाड असतात आणि त्या पुढच्या बंपरच्या धारदार पत्र्याजवळून जातात. त्या तारांवर हाताने तोडता येईल असा एक मुख्य खटका बॅटरीपाशी ठेवावा, आणि विंच वापरायची नसेल तेव्हा तो उघडा ठेवावा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या साधनाची तार वर्षभर जिवंत ठेवण्याचे काही कारण नाही.

येथवर विजेच्या जाण्याचा विचार झाला. परतीच्या वाटेकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते, आणि अनुभवी कारागिरांना विचारले, तर ते सांगतात की निम्मे दोष तेथेच सापडतात. मोटारीत परतीची तार स्वतंत्र नसते. चासी आणि बॉडी याच परतीच्या तारा होत. ही काटकसर उत्तम आहे, पण लोखंडावर रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि आडवाटेच्या वाहनावर त्यावर चिखलाचा थर असतो. दिव्याच्या स्क्रूखालीच काळी तार अडकवून दिली, की काम झाले असे मानले जाते. तो स्क्रू रंगावर टेकलेला असतो. काही महिन्यांनी दिवा लुकलुकतो किंवा एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो; कारण एकाचा प्रवाह दुसऱ्यातून परत जाण्याची वाट शोधीत असतो. रंग खरवडून, उघड्या धातूवर लग घट्ट बसवून, वरून ग्रीस लावून केलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो. जादा साधनांची काळी तार सरळ बॅटरीच्या ऋण टोकाकडे किंवा चासीच्या एका ठरावीक बोल्टकडे आणली, तर आणखी उत्तम.

इंजिन आणि चासी यांच्यामध्ये रबराचे पाट असतात, म्हणून त्या दोहोंना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी बसविलेली असते. ही पट्टी खडकाळ वाटेवर तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट धरतो. ॲक्सिलरेटरची किंवा चोकची पोलादी केबल ही अशीच एक वाट. चालक स्टार्टर दाबतो, इंजिन कण्हते, आणि केबलमधून धूर निघतो. केबल का जळाली, हे मग कोणालाही उमगत नाही. नवी केबल बसविली जाते आणि तीही जळते. पट्टीची किंमत किरकोळ असते. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून ती एकदा पाहावी.

वीज येते कोठून आणि किती, हा प्रश्न यापुढचा. जुन्या जीपवर डायनामो असे. तो पूर्ण वेगात 20-25 अँपिअर देई, आणि इंजिन मंद चालू असताना जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटर आल्यावर मंद वेगातही वीज मिळू लागली आणि एकूण क्षमताही वाढली. तरीही बेरीज-वजाबाकी चुकत नाही. रात्री पावसात चाललेल्या गाडीला हेडलाइटसाठी दहा अँपिअर आणि वायपर, प्रज्वलन व मागचे दिवे यांसाठी आणखी दहा लागतात. पंचेचाळीस अँपिअरचा अल्टरनेटर असेल, तर उरतात पंचवीस. त्यात जादा दिव्यांचे सतरा गेले, की शिल्लक आठच; याच आठांतून बॅटरी भरायची आहे आणि शीतकपाटही चालवायचा आहे. हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटे लागतात. तो न मांडता साधने बसविलेल्या गाडीची बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते आणि नेमक्या थंड पहाटे ती दगा देते.

थंडीचा मुद्दा हिमालयात जिवावरचा ठरतो. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिच्यातील द्राव शून्याखाली सुमारे साठ अंशांपर्यंत गोठत नाही. पण बॅटरी उतरली, म्हणजे आम्ल सौम्य होते, आणि मग तोच द्राव शून्याखाली दहा अंशांच्या आतच गोठू शकतो. बर्फ फुगते, पेटी तडकते, बॅटरी कायमची निकामी होते. द्रास येथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो. अशा ठिकाणी रात्री तंबूतील दिवा गाडीच्या बॅटरीवर जळत ठेवणारा मनुष्य सकाळचे इंजिन पणाला लावीत असतो, आणि त्या दुर्गम गावात रुग्णाला नेण्यासाठी तेवढी एकच गाडी असली, तर आणखी कोणाचा तरी जीव.

म्हणून दोन बॅटऱ्यांची पद्धत निघाली. एक बॅटरी केवळ इंजिन चालू करण्यासाठी राखून ठेवायची आणि दुसरीवर जादा साधने चालवायची. इंजिन चालू असताना दोन्ही भरल्या जाव्यात आणि बंद असताना त्या विलग व्हाव्यात, यासाठी दोहोंमध्ये दाब ओळखणारा रिले बसवितात. दाब साधारण 13.3 व्होल्टच्या वर गेला, की तो जोडतो, आणि 12.8च्या खाली आला, की तोडतो. डायोड वापरूनही हे साधते, पण साध्या डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवेत. एका टोकाचा फ्यूज पुरेल, असे पुष्कळांना वाटते. ती तार मध्येच कोठे घासली, तर वीज दोन्हीकडून येणार, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

तारा नेण्याची कलाही थोडक्यात सांगितली पाहिजे. इंजिन आणि चालकाचा कक्ष यांमधील पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना छिद्राला रबरी कडे बसवावे. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार करवतीसारखी काम करते. एक्झॉस्टच्या नळीपासून तार दूर असावी. सांधे दाबून बसविलेल्या लगांचे असावेत. नुसते कथिल लावलेला सांधा दिसायला पक्का असतो, पण कथिल जेथे संपते, तेथे तार ताठर होऊन हादऱ्यांनी तुटते. नदी ओलांडणाऱ्या गाडीत जोड शक्य तितका उंच ठेवावा. आणि रंगांचे भान ठेवावे. ब्रिटिश पद्धतीत काळी तार परतीची, तपकिरी बॅटरीकडून येणारी आणि निळी हेडलाइटची असते. निळीवर पांढरी रेघ असेल, तर लांब झोताची, लाल रेघ असेल, तर आखूड झोताची. सगळीकडे लाल तार वापरणाऱ्या कारागिराने स्वतःचे पाच मिनिटांचे काम वाचविलेले असते, आणि पुढच्या कारागिराचा अख्खा दिवस खर्च केलेला असतो.

अलीकडच्या वाहनांत निराळे पथ्य पाळावे लागते. त्यांतील संगणक दिव्यांच्या तारांतून किती प्रवाह जातो, यावर नजर ठेवतो. अशा तारेवर मध्येच फांदी काढली, तर तो दोष समजून इशारा देतो किंवा दिवाच बंद करतो. पिवळ्या आवरणातील तारा बहुधा सुरक्षा-पिशव्यांच्या असतात. त्यांना हात लावू नये. एलईडी दिव्यांनी प्रवाहाची गरज बरीच कमी केली आहे, हे खरे. मात्र वाचलेल्या प्रवाहात आणखी चार दिवे बसविण्याचा मोह त्यांनीच निर्माण केला आहे.

काम हाती घेताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. धन टोक आधी सोडविताना पाना चुकून बॉडीला लागला, तर तो जागीच चिकटून लाल होतो. ऋण टोक सुटलेले असेल, तर काहीच घडत नाही. काम संपल्यावर जादा दिवे लावून व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी दिव्याच्या धन टोकाला लावावी. जो आकडा दिसेल, तोच जाण्याच्या वाटेवरील तोटा. मग दिव्याचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये तेच करावे. तो परतीचा तोटा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असावेत.

शेवटी सर्व खटके बंद करून, ऋण टोक आणि त्याची तार यांच्यामध्ये अँपिअरमीटर जोडावा, आणि तो जोडलेला असताना स्टार्टर मुळीच दाबू नये. घड्याळ, संगणक आणि चुकून जिवंत राहिलेला एखादा रिले झोपेतही थोडी वीज पीत असतात. पन्नास मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, आणि साठ अँपिअर-तासांची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी उतरते. पाचशे मिलिअँपिअर दिसले, तर तीच अवस्था अडीच दिवसांत येते. अशा वेळी एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच काटा खाली येतो, त्याच मार्गावर दोष असतो.